वीस मिनिटं फॅन बंद

माझ्या जिभेला हाड नाही, हे बेंगळुरूतल्या आमच्या चामराजपेटेच्या गल्लीत कुणीही सांगेल. व्हाइटफील्डच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते, तिथंही माझं काम दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्याचंच आहे. दिवसभर चुका काढून घरी आलं की तोंडाला लगेच ब्रेक लागत नाही, असं मी पूर्वी हसत हसत सांगत असे. आता सांगत नाही. खरं तर त्या दिवशी मी तोंडातून शब्दही काढला नव्हता. जे केलं ते मिक्सीनं केलं, आणि मिक्सीचं बटण मी दाबलं.

माझा भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. त्यामुळे मी त्याची अक्का कमी आणि बाप जास्त झाले. त्याचा अभ्यास मी घेतला, इंजिनीअरिंगचा फॉर्म मी भरला, पहिल्या नोकरीच्या दिवशी शर्टाला इस्त्रीही मीच केली. एवढं केल्यावर माणसाला वाटायला लागतं की समोरच्याच्या आयुष्यात आपला पण वाटा आहे. मला तर तसं फारच वाटायचं.

आमच्या घरात एक पेटी आहे. वडील शिंपी होते, आणि गुरुवारच्या भजनाला तीच पेटी वाजवायचे. एकदा तिचा काळी एकचा सूर उतरला. शहाण्या माणसानं पेटी दुरुस्तीला नेली असती. वडिलांनी ती उघडली, ब्लेड घेतलं, आणि बाकीचे सगळे सूर घासून घासून त्या एका उतरलेल्या सुरापर्यंत खाली आणले. एक बाही आखूड झाली तर दुसरी कापून सारखी करावी, तसं. आठ दिवस खपले बिचारे. पेटी आपल्यापुरती सुरेल झाली, पण जगातल्या दुसऱ्या कुठल्याही वाद्याशी तिचं जमेना. तिचा सा धड पांढरीत नाही, धड काळीत नाही, दोन्हींच्या मधल्या फटीत कुठंतरी. बाहेरून कुणी बासरीवाला भजनाला आला तर अर्ध्या तासात वैतागून बासरी पिशवीत घालायचा. वडील म्हणायचे, "आपली पट्टी राखाडी." ते गेल्यावर आई पेटी वाजवायला लागली आणि आम्ही सगळे त्याच राखाडी पट्टीत गात मोठे झालो.

भावानं कॉलेजात असताना एका मित्राकडून जुनी गिटार आणली, ती ह्याच पेटीवर लावली. त्याची एक पद्धत होती. सगळ्यांत जाडी तार तीनदा छेडायची आणि थांबायचं. आई पेटीवर सा धरायची. मग हा खुंटी पिळायचा. पुढं फोनमध्ये सूर तपासणारं ॲप आलं, ते त्याच्या गिटारीला सारखा लाल दिवा दाखवायचं. मी म्हणाले, "चुकतंय बघ." चुका काढायचा माझा धंदाच. तो म्हणाला, "मशीनला काय कळतंय अक्का? घरचा सूर आहे की हा."

मग त्याला घरीच गाणी रेकॉर्ड करायचं वेड लागलं. स्वतःच रचलेली, स्वतःच गायलेली. स्टुडिओ नाही की काही नाही. मधल्या खोलीत भिंतीला गाद्या टेकवायच्या, एक जुना फोन पाटावर उभा करायचा, आणि रविवारी सकाळी घोषणा व्हायची: "अक्का, वीस मिनिटं. फॅन बंद, नळ बंद, कुकर नको." आई मांडी घालून देवळात बसल्यासारखी बसायची. मी धुसफुसत बसायची. वीस मिनिटांत माझी दहा कामं झाली असती. एकदा मी शिंकले म्हणून त्यानं सगळं पुन्हा केलं, आणि मला इतका राग आला की सांगायची सोय नाही.

त्या रविवारी सकाळी त्याच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी फोन आला. रोजचा फोन तो बाहेर ठेवून गाद्यांच्या पलीकडे गात होता म्हणून मी घेतला. पलीकडच्यानं सहज विचारलं की नोकरी सोडून महिना झाला, आता काय करतोय तो? मी फोन ठेवला. महिनाभर हा माणूस रोज डबा घेऊन घरातून निघत होता, आणि तो डबा मी भरत होते.

मी स्वयंपाकघरात गेले. ओलं खोबरं, हिरवी मिरची, डाळं, आलं भांड्यात घातलं, आणि मिक्सी लावली. चटणी अर्ध्या मिनिटात होते. मी ती दोन मिनिटं फिरवली. त्याचं गाणं शेवटाकडे आलं होतं हे मला माहीत होतं, कारण भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. आणि ते चांगलं होतं. आजवर त्यानं केलेल्यांत सगळ्यांत चांगलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर बटण आणखी दाबून धरलं.

तो दारात येऊन उभा राहिला. भांडेल असं वाटलं. भांडला नाही. आईनं दोसे घातले, त्यानं तीन खाल्ले, आणि उठताना म्हणाला, "चटणी बारीक झालीय अक्का आज." दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा निघाला, फक्त डब्याऐवजी गिटार घेऊन. पेटीखाली चिठ्ठी होती. मी बरा आहे, शोधू नका.

बैल गेला अन् झोपा केला, तसं मग मी सगळं केलं. नंबर बंद होता. मित्रांनी हात वर केले. पोलीस म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, चिठ्ठी ठेवून गेलाय, आम्ही काय करणार? आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान मला उलट बोलता आलं असतं.

दीड वर्ष असंच गेलं. मी मार्केट स्टेशनवर मेट्रो धरते, मॅजेस्टिकला बदलते आणि व्हाइटफील्डला उतरून कंपनीच्या बसमध्ये बसते. त्या बसमध्ये माझ्या शेजारी बेळगावकडची एक मुलगी बसायची. मराठी बोलायला मिळतं म्हणून आमचं जमलं. एके दिवशी ती कानात काहीतरी घालून डोळे मिटून बसली होती. मला राहवलं नाही, विचारलं. तिनं एक इअरफोन माझ्या हातात दिला. कुणीतरी बाई गात होती, सोबत एकच गिटार. मागं कोंबडा आरवला.

"कुणाचं आहे हे?" मी विचारलं.

"कुणाचंच न्हवे ओ. घरात बसून केलंय तिनं. ह्यांच्या मागं कंपनी न्हाई, काय न्हाई. असली हजारो आहेत."

"आणि कोण ऐकतं?"

"मी ऐकतो की," ती म्हणाली. तिकडं मुलीही कधी कधी ऐकतो, जातो म्हणतात. मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोक्यात आलं. हजारो आहेत, तर त्यांत तोही असेल. जिवंत असेल आणि हातात गिटार असेल, तर तो इथंच कुठंतरी असणार.

तिनं ते ॲप माझ्या फोनमध्ये घालून दिलं, आणि त्या दिवसापासून मी ऐकायला लागले. जाताना दीड तास, येताना दीड तास. गाणं ऐकायची सवय मला नव्हती, चुका ऐकायची होती. म्हणून मला गाण्याआधी घरं ऐकू यायची. एक नर्स होस्टेलच्या खोलीत गायची, तिच्या मागं बादलीत थेंब पडत असायचे. एक म्हातारे गृहस्थ मेंडोलिन वाजवायचे आणि प्रत्येक वेळी शेवटी बायकोला विचारायचे, "आयता?" झालं का, म्हणून. बायको म्हणायची, "हूं." एक नवरा-बायको पाळण्याच्या दोरीला हिसके देत गायचे, त्या दोरीची करकर गाण्याच्या ठेक्यात बसलेली असायची. मी शोधत होते भावाला, पण ह्या लोकांत अडकायला लागले. नर्सनं पंधरा दिवस काही टाकलं नाही तर मला काळजी वाटायची. मेंडोलिनवाल्या आजोबांच्या एका तुकड्यात शेवटी "आयता?" आलं आणि "हूं" आलंच नाही, तेव्हा मी मेट्रोत सगळ्यांसमोर रडले.

तेव्हा मला कळलं. ह्या प्रत्येक गाण्यात दोन माणसं असतात. एक गाणारं, आणि एक त्याच्यासाठी घरात गप्प बसलेलं. कुणीतरी नळ बंद केलेला असतो, कुकर उतरवलेला असतो, पोराच्या तोंडात बिस्कीट कोंबलेलं असतं. हजारो घरांतल्या हजारो माणसांना जे जमत होतं, ते मला एका सकाळी जमलं नव्हतं.

एकदा एका अनोळखी गिटारीच्या मागं फुलवाल्याची हाक ऐकू आली आणि पाठोपाठ शाळेची घंटा. हे जयनगरच, असं माझ्या डोक्यानं घेतलं. तीन शनिवार मी जयनगरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, लोकांच्या खिडक्यांखाली उभी राहिले. एका वॉचमननं विचारलं, "यारु बेकु?" कोण पाहिजे म्हणून. मी पुढच्या गल्लीत वळले. तिसऱ्या शनिवारी एका खिडकीतून खरंच गिटार ऐकू आली. मी धावत जिना चढले, बेल दाबली. शाळकरी मुलगी शिकत होती. तिच्या आईनं माझ्याकडं बघून काही न विचारता आधी पाण्याचा तांब्या आणला. बेंगळुरूत एवढे लोक, एवढ्या खिडक्या. तो ह्या गावात आहे हे तरी मला कुणी सांगितलं होतं?

त्याच सुमाराला आईच्या पायांवर सूज आली, चार पावलं चालली तरी धाप लागायला लागली. हृदय थकलंय म्हणाले. डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावलं आणि सांगितलं, औषधं चालू ठेवा, आणि ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या. ज्यांना म्हणजे एकालाच. मग माझ्या शोधण्याला काही रीतच राहिली नाही. मी जेवताना ऐकायची, मीटिंगमध्ये एका कानानं ऐकायची, आईचे पाय चेपताना ऐकायची.

आणि तो सापडला. सकाळच्या गर्दीत, इंदिरानगर आणि बैयप्पनहळ्ळीच्या मधे कुठंतरी. नाव नाही, चेहरा नाही, चित्र म्हणून नुसती एक उघडी खिडकी. गाण्यांना नावं नव्हती, आकडे होते. मी 'सात' लावलं. जाडी तार तीनदा वाजली. मग थांबली. मी दोन्ही कान हातांनी झाकून घेतले. मग गिटार सुरू झाली, आणि ती धड पांढरीत नव्हती, धड काळीत नव्हती. दोन वर्षं झाली, कुठल्या तरी परक्या खोलीत बसून हा पोरगा अजून आमच्या बापानं ब्लेडनं बिघडवलेल्या सुरात वाजवत होता. गात मात्र नव्हता. अकराच्या अकरा गाण्यांत कुठंही त्याचा आवाज नव्हता.

मी पुढच्या स्टेशनवर उतरले आणि उलटी घरी आले. आईला उशीला टेकवून बसवलं, फोन तिच्या कानाशी धरला. तिनं आधी ओळखलं नाही. मग तीन वेळा तार वाजली, आणि तिचा हात आपोआप पेटीकडं गेला. मी पेटी ओढून तिच्या मांडीशी दिली, भाता मी मारला. तिनं एक बोट ठेवलं. फोनमधला सूर आणि पेटीतला सूर एकावर एक असे बसले की कुठला कुठला ते कळेना. आई हसली. दोन वर्षांनी मी तिचे दात पाहिले.

"मी लिहिते त्याला," मी म्हणाले. "खाली लिहायची सोय आहे आई. तुझ्याबद्दल लिहिते, ये म्हणते."

"नको ग."

"का नको? डॉक्टर काय म्हणाले तुला माहीत नाही."

"माहीत आहे की मला. त्याला स्वल्प वेळ दे. वाजवायलाय न्हवे तो? तू सुम्ने ऐक." सुम्ने म्हणजे उगी, काही न करता. आईचा तो आवडता शब्द. "त्याला येऊशी वाटलं की येईल. तू गप्प बस, एवढंच कर."

पुढचे चार दिवस आमचं घर सुखात होतं, असं म्हणायला हरकत नाही. दुपारी ती मला सुट्टी काढायला लावायची आणि म्हणायची, "फॅन बंद कर. कुकर लावलीस का? उतरव." मग आम्ही दोघी एक गाणं ऐकायचो, पेटीवर तिचं एक बोट. चौथ्या दिवशी भाता मारताना मी तिच्याकडं पाहिलं, तर तिचे ओठ निळे पडत होते.

त्या संध्याकाळी मी लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी माझ्या हातानं टाईप केलं. नुसतं 'आई आजारी आहे, ये' एवढं लिहिलं असतं तरी कदाचित चाललं असतं. पण मी चुका काढणारी बाई, मी कसं पकडलं हे सांगितल्याशिवाय मला कसं राहवणार? मी लिहिलं: 'लपून काय उपयोग? सापडलास. तुझी गिटार अजून आपल्या पेटीवर लावलेली आहे, असा सूर जगात दुसरीकडं नाही. आईचं काही खरं नाही. आता तरी अंगात माणुसकी असेल तर ये. अक्का.'

दुसऱ्या दिवशी ते वाक्य तिथं नव्हतं. आणि ती अकरा गाणीही नव्हती. फक्त उघडी खिडकी होती.

मी सात दिवस दर तासाला बघत होते. नव्या नव्या नावांनी लिहिलं, माफी मागितली, मिक्सीबद्दल लिहिलं, ते गाणं किती चांगलं होतं हे लिहिलं. सगळं पुसलं जात होतं. म्हणजे तो वाचत होता. आठव्या दिवशी एक नवं गाणं आलं. त्याला आकडाही नव्हता.

आई रोज विचारत होती, आज लावत नाहीस का? म्हणून मी न ऐकताच ते तिच्याजवळ लावलं. भाता मारला, तिनं बोट ठेवलं. गिटार थेट सुरू झाली. तार तीनदा वाजली नाही, थांबलीही नाही. आणि पेटीचा सूर गिटारीच्या अंगाला अंग लावून घसटत राहिला, बसेचना. स्वच्छ, बरोबर, ॲपमध्ये हिरवा दिवा लागेल असा सूर होता तो. वाजवणं सुंदर होतं. हात त्याचेच होते, बोट सरकतानाचा तो बारीक आवाज मी कुठंही ओळखेन. त्यानं खुंट्या पिळून घर काढून टाकलं होतं. कुठून काढायचं, ते मीच सांगितलं होतं.

आईनं दोन-तीनदा बोट उचलून पुन्हा ठेवलं. मग पेटी बाजूला सारली.

"हा आपला न्हवे ग. हा कोण दुसराच आहे. छान वाजवतो," ती म्हणाली. "आपल्याचं लाव."

माझ्याजवळ आपल्याचं काहीही नव्हतं. ते फोनमध्ये उतरवून ठेवावं हेसुद्धा मला सुचलं नव्हतं. मी म्हणाले, "नेटवर्क नाही आई."

"सरी," ती म्हणाली, बरं म्हणून. "येईल. बसू या स्वल्प."

आता मी ऑफिसातून लांब रजा घेतलीय. रोज दुपारी जेवणं झाली की आई उठून बसते, पेटी जवळ ओढायला सांगते, आणि म्हणते, फॅन बंद कर. मी फॅन बंद करते. नळ बघून येते. शेजारणीला सांगून ठेवलंय, ह्या वेळेला मिक्सी लावू नका, आई झोपते. आम्ही दोघी घाम पुसत नेटवर्क यायची वाट बघतो. तिचं बोट सा वर असतं, पण ती दाबत नाही. मी श्वाससुद्धा जपून घेते. एवढी गप्प मी आयुष्यात कधी बसले नव्हते.

वीस मिनिटांनी ती म्हणते, "आज न्हाई वाटतं. लाव फॅन." आणि मी उठून फॅन लावते.